वणव्यानंतरचे रान : खान्देशातील वनराखणीचा इतिहास

खान्देशातला वणवा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरून, गुडघाभर वाळल्या गवतातून आणि पानगळीच्या पाचोळ्यातून सरकत जातो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुडा, जळगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि धुळ्याच्या पश्चिमेला साक्री तालुक्यातल्या सह्याद्रीच्या रांगा, अशी इथल्या जंगलाची मुख्य ठाणी आहेत. तिन्हीकडचे रान पानझडीचे. साग, सालई, धावडा, खैर, टेंभुर्णी, मोह आणि खान्देशाच्या कोरड्या माळांवर चिवटपणे उभा राहणारा अंजन. माघ-फाल्गुनात पाने गळतात, गवत वाळून खडखडीत होते आणि दुपारचा वारा सुटू लागतो. वन खात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत.

अशा आगीत वाढलेला साग सहसा मरत नाही. जाड साल त्याला वाचवते. मरतात ती रोपे, आणि तीही अर्धवट. सागाचे रोप वरून जळून जाते, पण मुळाचा गड्डा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब फुटतो. पुढच्या वर्षी पुन्हा आग आली की तो कोंबही जातो. मूळ जाड होत राहते, झाड मात्र उभे राहत नाही, आणि अशी कित्येक वर्षे निघून जातात. म्हणून खान्देशात जळलेले रान पुन्हा उभे करण्याचा अर्थ नवी झाडे लावणे हा क्वचितच राहिला. दुसरी आग, कुऱ्हाड आणि गुरांचे खूर काही पावसाळे लांब ठेवले, तर रान आपणच उठते. इथल्या स्वयंसेवी कामाचा इतिहास त्यामुळे मुख्यतः राखणीचा इतिहास आहे.

थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९३३ साली टिलामूकचे जंगल जळाले आणि पुढे १९३९, १९४५ व १९५१ मध्येही त्याच भागात आगी लागल्या. तिथे आग शेंड्यांपर्यंत चढली होती, बी देणारी झाडेच उरली नव्हती. १९४९ नंतर जवळपास पाव शतक लागवड चालली, सात कोटींहून अधिक रोपे लावली गेली आणि त्यांत शाळकरी मुलांचे हातही होते. वणव्यानंतरच्या स्वयंसेवेचे हे चित्र जगभर ओळखीचे झाले. आपल्याकडच्या अनेक वृक्षारोपण मोहिमांनी ते तसेच उचलले. पानझडीच्या रानाला मात्र ते फारसे लागू पडत नाही.

खान्देशात आगी आपोआप लागत नाहीत. बहुतेक सगळ्या माणसाच्या हातून लागतात, आणि त्यामागची कारणे जुनी, समजण्यासारखी आहेत. मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करण्याची रीत होती. टेंभुर्णीला कोवळा पाला लवकर फुटावा म्हणून झुडपे भाजली जात. जुने, राठ गवत जाळले की पहिल्या पावसाला गुरांसाठी हिरवा कोंब लवकर येतो, हे मेंढपाळांना पक्के ठाऊक होते. साक्री-नवापूरच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि नागलीच्या रोपवाटिकेसाठी राब भाजला जाई. मैदानात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि शेताचे बांध पेटवले जातात आणि ती ठिणगी डोंगरपायथ्याला पोचते. त्यात पश्चिम खान्देशात रोशा गवत उदंड. त्याचे सुगंधी तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात इथे भरभराटीला होता. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. अंगात तेल असलेले हे गवत वाळले की आगीला आमंत्रणच.

जुन्या काळी या आगी कोणी मोजत नव्हते. लोकवस्ती विरळ होती आणि जळलेल्या रानाला सावरायला वर्षे मिळत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे आला, तेव्हा सरकारचे लक्ष आगीकडे नव्हते. ते सातपुड्यातल्या भिल्लांकडे होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रामने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती त्याच धोरणातून. लाकडाचे मोल पुढे कळले. साक्रीला लागून असलेल्या डांगच्या सागवानी जंगलाचे भाडेपट्टे भिल्ल राजांकडून १८४२ मध्ये घेतले गेले आणि त्यांचा कारभार दीर्घकाळ खान्देशच्या कलेक्टराकडे होता. जहाजे, पूल आणि मागाहून रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग हवा झाला, आणि जळणारे रान हे प्रथमच तोट्याच्या वहीत लिहिले जाऊ लागले.

आग रोखण्याचा पद्धतशीर प्रयोग याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या भागात झाला. होशंगाबादच्या दक्षिणेकडील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सनने आगीपासून संरक्षणाची मोहीम चालवली आणि ती यशस्वी झाल्यावर देशभर तिचे अनुकरण झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव जंगले आखली. त्यात आग लावणे गुन्हा ठरला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात हेच पुढे आले आणि आजही लागू आहे. त्याचे कलम ७९ या इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके आहे. जंगलात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क असलेला प्रत्येक माणूस, आणि लगतच्या गावात सरकारी मोबदला घेऊन गावकाम करणारा प्रत्येक जण, आगीची खबर देण्यास आणि ती विझवण्यास बांधील आहे. कलम २६ त्याच्याही पुढे जाते: राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकते. आग एकाने लावायची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी, असा हा हिशेब.

आग विझवायला गाव जाऊ लागले ते असे, धाकाने. अशा कामाची गोडी लागत नाही. रान सरकारचे, गवत सरकारचे आणि विझवायला मात्र आपण, ही भावना देशात इतरत्र उघड बंडापर्यंत पोचली. कुमाऊँमध्ये १९२१ साली लोकांनी चिडून चिडाची जंगले पेटवली आणि मैलोन्‌मैल रान जळाले. महाराष्ट्रात १९३० चा जंगल सत्याग्रह शांततेचा होता; १० जुलैला पुसदजवळ बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि ती लाट अनेक जिल्ह्यांत गेली. गवतावर हक्क कोणाचा, हा त्यातला प्रश्न होता. आग कोण विझवणार, हा प्रश्न त्याच्याच पोटातला.

इंग्रजी व्यवस्थेने मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र उपयोगी ठरली: जाळरेषा. जंगलाचे तुकडे पाडणारे, ठरावीक रुंदीचे पट्टे आखायचे. हिवाळ्यात त्यांवरचे गवत कापायचे, वाळवायचे आणि वारा पडलेला असताना, माणसे उभी करून ते जाळून टाकायचे. उन्हाळ्यात वणवा आला की तो या मोकळ्या पट्ट्याशी येऊन थबकतो. हेच पट्टे वर्षभर पायवाटांचे काम करतात. वनरक्षक त्यांवरून गस्त घालतो, गुराखी आणि मोळीवाल्या बायका त्यांवरून ये-जा करतात. उलटही खरे आहे. वापरात असलेली पायवाट किंवा बैलगाडीची चाकोरी ही छोटी जाळरेषाच असते, आणि वहिवाट मोडलेली वाट गवताने बुजून आगीला पूल बनते. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांतल्या पाटणादेवीच्या परिसरात केदारकुंड, धवलतीर्थ आणि पितळखोऱ्याकडे जाणाऱ्या डोंगरवाटा आहेत. हा भाग १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. अशा वाटांवरचे झाडोरे तोडणे, घसरलेले दगड पुन्हा रचणे आणि पाणी वाटेवरून न वाहता बाजूला पडेल असे आडवे चर काढणे, हे काम डोंगरवाट टिकवते तसेच आगही रोखते. दुर्गभ्रमण करणाऱ्या मंडळींना यातला पहिला उपयोग लगेच पटतो, दुसरा फारसा ठाऊक नसतो.

धाकाच्या या चौकटीबाहेर, सातपुड्यातल्या आदिवासी समाजांकडे बिनमजुरीच्या सामूहिक कामाची स्वतःची रीत होती. भिल्ल-भिलाला वस्त्यांत तिला लाह म्हणतात. घर शाकारायचे असो, शेताची निंदणी असो, गावातली माणसे जमतात, काम उरकतात आणि ज्याचे काम असेल तो जेवू घालतो. पैसा मध्ये येत नाही. आज जो आला त्याच्याकडे उद्या जायचे असते. शेजारच्या झाबुआत याच जातीच्या हलमा या रिवाजाला अलीकडच्या काळात डोंगरावरच्या जलसंधारणासाठी वापरले गेले. शिवगंगा संस्थेच्या पुढाकाराने हजारो भिल्ल स्त्री-पुरुष हाथीपावा टेकडीवर कुदळी-फावडी घेऊन चर खोदतात. शहरी माणूस ज्याला स्वयंसेवा म्हणतो, तिच्यात देणाऱ्याचे मन मोठे असावे लागते. लाहीत तशी गरज नाही, ती परतफेडीवर चालते आणि म्हणूनच टिकते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीसेक वर्षे या दृष्टीने फारशी सांगण्यासारखी नाहीत. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि दर पावसाळ्यात रोप लावून फोटो काढण्याची प्रथा पडली. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून डोंगरांवर चर खोदले गेले, लागवडी झाल्या. पण ती मजुरीची कामे होती आणि मजुरी थांबली की राखणही थांबे. या काळात लाकूडतोड, अतिक्रमण आणि वणवे यांनी खान्देशातले डोंगर उघडे पडत गेले. यावलचे १७७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले, तरी कागदावरच्या सीमेने आग थांबत नाही.

बदल झाला तो १९९० नंतर. केंद्र सरकारने १ जून १९९० च्या परिपत्रकाने जंगल राखणीत गावाला सहभागी करण्याचे धोरण मांडले आणि महाराष्ट्राने १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले. गावाने वनसंरक्षण समिती स्थापन करायची, रान राखायचे, आणि त्याबदल्यात गवत, सरपण व गौण वनोपज घ्यायचे. कलम ७९ मधल्या सक्तीला आता सौद्याची जोड मिळाली. अनेक ठिकाणी समित्या कागदावर राहिल्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात मात्र काम सरकारी निर्णयाची वाट न पाहता सुरू झाले होते.

बारीपाडा हे पिंपळनेरच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीलगतचे, शंभरेक घरांचे आदिवासी खेडे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचे डोंगर बोडके झाले होते, उन्हाळ्यात विहिरी आटत, बायका पाण्यासाठी लांब जात आणि माणसे कामासाठी गाव सोडत. गावातल्या लोकांचा पोटापाण्याचा एक मार्ग लाकूड तोडून विकण्याचा, दुसरा दारू गाळण्याचा. दोन्हींना लाकूड लागे. गावातलेच चैत्राम पवार एम. कॉम. होऊन नोकरीकडे न वळता गावी राहिले. जवळच्या वार्सा इथे वनवासी कल्याण आश्रमाचे काम करणारे डॉ. आनंद फाटक यांची त्यांना साथ मिळाली. गावाच्या बैठकांत ठरले ते नियम साधे होते: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. गावाने स्वतःचे राखणदार नेमले. नियम बाहेरच्यांसारखाच घरच्यांनाही लावला गेला. हे सांगायला सोपे आहे, एका खेड्यात सोयऱ्याला दंड करणे सोपे नाही.

राखलेले क्षेत्र साडेचारशे हेक्टरच्या आसपास, म्हणजे सुमारे अकराशे एकर. तिथे जे रान आज आहे त्यातले बहुतेक लावलेले नाही; ते जुन्या खोडांच्या आणि मुळांच्या फुटव्यातून आलेले आहे. तोडीच्या आणि आगीच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे जमिनीलगत दबून राहिलेल्या मुळांना सलग काही पावसाळे मिळाले, एवढेच घडले. त्याला जोड म्हणून उतारावर सलग समतल चर आणि नाल्यांत दगडी बांध घातले गेले, तेही श्रमदानाने. पाणी मुरू लागले, विहिरींना बारमाही पाणी राहिले आणि गावात इंद्रायणी भात, नागली, भाजीपाला होऊ लागला. उन्हाळ्यात शेजारच्या गावांना पाणी देण्याइतकी स्थिती सुधारली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार गावाला मिळाला. २००४ पासून गावात वनभाजी पाककला स्पर्धा भरते. परिसरातल्या बायका रानातून आणलेल्या भाज्या, कंद, फुले रांधून मांडतात आणि प्रत्येकीला आपल्या भाजीचे नाव, ठिकाण आणि उपयोग सांगता येतो. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

वनभाजी स्पर्धेचा वणव्याशी संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. ज्या रानातून ताटात रोज काही येते, त्या रानात धूर दिसला की माणूस उठून जातो. लाकडाच्या ठेक्यासाठी किंवा परिपत्रकासाठी तो जात नाही.

धुळे तालुक्यातल्या लामकानीचा अनुभव वेगळ्या अडचणीचा. हा कोरडा पट्टा. वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथे रान म्हणजे मुख्यतः कुरण. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने माळावर चराईबंदी केली, चर खोदले आणि काही वर्षांत पवन्या, मारवेल, डोंगरी अशी चाऱ्याची गवते परत आली. उघड्या माळावर आगीला खायला काही नसते. गवत राखले की मात्र आगीची तयारीही आपणच केलेली असते. हिवाळा संपता संपता कमरेपर्यंतचे वाळले गवत उभे राहते आणि एक विडी पुरते. यशस्वी राखणीची ही किंमत सगळ्या कुरणांना मोजावी लागते. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या लळिंगच्या कुरणाला तर जास्तच. त्यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे गवत वेळेवर कापून नेणे. चराईबंदी म्हणजे गवताला हातच न लावणे, असा अर्थ जिथे घेतला गेला तिथे आगीने हिशेब चुकता केला.

आग लागल्यावर करायचे काम अंगमेहनतीचे आहे, त्यात फारसे बदललेले नाही. कडुनिंब, करंज किंवा पळसाच्या हिरव्या फांद्या तोडून आगीच्या कडेने झोडपत जायचे, वाऱ्याला पाठ देऊन, जळून गेलेल्या बाजूने. आग फार जोराची असेल तर पुढे जाऊन वाट किंवा नाला धरायचा आणि तिथून उलटी आग सोडायची; हे जाणत्यानेच करायचे काम. अलीकडे वन खात्याकडे पाला उडवणारे ब्लोअर आले आहेत आणि हंगामापुरते फायर वॉचर नेमले जातात. बाहेरून आलेल्या हौशी माणसाचा उपयोग आगीच्या तोंडाशी कमी, मागे राहून धुमसणारे ओंडके विझवण्यात आणि पाणी पोचवण्यात जास्त.

आगीनंतरची घाई जून महिन्याची असते. राखेखालची जमीन उघडी पडलेली असते आणि पहिला वळीव तिला धुऊन नेतो. म्हणून पावसाआधी उतारावर दगडी बांध घालणे, जुने चर उपसणे, वाटांवरून पाणी वळवणे ही कामे आधी येतात. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत अमळनेरसारख्या तालुक्यांत शहरांतली माणसे श्रमदानाला गेली आणि समतल पातळी कशी काढायची हे हजारोंना हाताने कळले. जळलेल्या डोंगरालाही तेच कौशल्य लागते. त्यानंतर येते तणांची पाळी. वारंवार जळणाऱ्या रानात घाणेरी माजते, रोपांना उजेड मिळत नाही, शिवाय ती स्वतः चांगली पेटते. ती मुळासकट उपटणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याचा समारंभ होत नाही. लागवड करायचीच तर जिथे मूळच उरले नाही अशा जागी, स्थानिक बियांची: अंजन, धावडा, मोह, खैर. गिरिपुष्प आणि सुबाभळीने भरलेले डोंगर लांबून हिरवे दिसतात, त्यांना रान म्हणता येत नाही.

जुनी, पोकळ झाडे वाचवणे याला खान्देशात खास महत्त्व आहे. वनपिंगळा हा घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी १८८० च्या दशकात पश्चिम खान्देशात टिपला गेला आणि मग शंभरहून अधिक वर्षे त्याचा खात्रीलायक पुरावाच मिळेना. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. हा पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. जमिनीवरची आग बुंध्याच्या भेगेतून ढोलीत शिरली की झाड आतून धुराड्यासारखे जळते आणि दोन दिवसांनी कोसळते. त्यामुळे वठलेल्या झाडांभोवतीचा पाचोळा फेब्रुवारीतच ओढून काढणे हे कोणाही स्वयंसेवकाला जमणारे आणि वनपिंगळ्याच्या उपयोगी पडणारे काम आहे.

राखणीची कायदेशीर बाजू २००६ च्या वनहक्क कायद्याने पालटली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपले रान जपण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळाला; सातपुड्यातल्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. राज्य शासनाने २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगल्या समित्यांना बक्षिसे देणे सुरू केले. तंत्रही आले. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या जागा शोधते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर संदेश पाठवते. ही नोंदणी सामान्य नागरिकालाही करता येते. पण सध्याच्या उपग्रह संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. गवताची आग दोन-तीन तासांत एक अख्खी टेकडी उरकते. सातपुड्याच्या कित्येक दऱ्यांत आजही मोबाइलला रेंज नाही, तिथे संदेश पोचेपर्यंत विझवायला कोणी गेलेच तर ते धूर पाहून.